काळी तीनला सा

पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. मग काय हवं ते वाजवावं. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. पेटीवाल्यांच्या हिशेबात काळी एक ते काळी पाच. काळी तीनला सा धरला की त्या पाचांत भूप बसतो. बोट कुठेही पडो, भूपाबाहेरचा सूर लागतच नाही. तोच सा काळी एकवर नेला की दुर्गा, काळी दोनवर धानी, काळी चारवर मधमाद सारंग आणि काळी पाचवर चक्क मालकंस. पट्ट्या त्याच, फक्त यजमान बदलला. मूर्च्छनेचं हे गणित पेटीच्या क्लासातल्या पोरांनाही ठाऊक असतं. मला ते पन्नाशीत, घरात डिजिटल पियानो आल्यावर, बोटांनी शिकवलं.

आता कुणी म्हणेल, पाच सूर म्हणजे राग नव्हे. अगदी खरं. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून आवाज विरतच जातो. मींड नाही, आंदोलन नाही; दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जे गाणं असतं ते इथे मिळायचं नाही. शिवाय त्याच पाच सुरांत धैवताला मोठं केलं की भूपाचा देशकार होतो, आणि हे सांगणारा एक तरी जाणकार पुण्यात प्रत्येक सोसायटीत असतोच. मी ऐकून घेते. मला मैफल करायची नाही. मला संध्याकाळचा थोडा वेळ हवाय आणि त्यात पुढचा सूर कुठला हे आधी माहीत नसण्याची मजा.

मजा उजव्या हाताची, पण ती टिकते डाव्याच्या जिवावर. डाव्याने काळी तीन आणि काळी एक, म्हणजे सा आणि पंचम, आलटून पालटून वाजवत राहायचं. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे तानपुऱ्यासारखंच सा-मध्यम. सुरुवातीला उजवा हात सुसाट सुटतो आणि डावा त्याच्यामागे फरफटतो. सवयीने डाव्याची आठवणच राहत नाही, आणि मग कुठे उजव्याला सुचायला लागतं. आजीच्या जात्याचं असंच होतं. खुंटा एका लयीत फिरू लागला की तिला ओवी सुचायची. चाल ठरलेली, पहिली ओळ बहुधा कुणाकडून तरी ऐकलेली, पुढचं तिथल्या तिथे जुळवलेलं: भावाचं कौतुक, पंढरीची ओढ, मध्येच एखाद्या शेजारणीला टोमणा. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांच्या अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या. तो आकडा वाचला आणि उपज ही खाँसाहेबांची मिरास, ही माझी समजूत गेली ती गेलीच.

तरीही पियानोपुढे बसलं की आपण आधी काय मागतो? पुस्तक. क्लासला येणारी मुलं परीक्षेच्या चार रचना वर्षभर घासतात, वाजवतातही सुरेख. पुस्तक मिटलं की हात मांडीवर. पाश्चात्त्य संगीत असंच असणार, असं आपण धरून चालतो. पण मे १७४७ मध्ये पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाने एक अवघड चाल दिली आणि बाखने राजाच्याच नव्या पियानोवर तिचा तीन पदरी फ्यूग बसल्या बैठकीत उभा केला. क्लारा शूमन मैफलीत रचना सुरू करण्याआधी आपल्या मनाने काही वाजवून तिच्या दारापर्यंत जायची; मुलींच्या आग्रहाखातर यातलं थोडं तिने कागदावर उतरवलं ते थेट १८९५ मध्ये, अखेरच्या दिवसांत. सगळ्यात गंमत चेर्नीची. ज्याच्या बोटांच्या व्यायामांनी जगभरची मुलं रडकुंडीला येतात, त्या बेटोव्हनच्या शिष्याने १८२९ मध्ये उत्स्फूर्त वादन कसं करावं यावर अख्खा ग्रंथ लिहिला. मुलांच्या वाट्याला व्यायाम आले आणि ग्रंथ कपाटात राहिला. उलटं व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पियानोने मला दिलेली खरी नवी गोष्ट मात्र डावीकडे, एका पांढऱ्या पट्टीत होती. वर भूप चालू ठेवून खाली खर्जात पांढरी सात दाबली. शुद्ध मध्यम, भूपात वर्ज्य. राग मोडला हे कबूल. पण वरचा गंधार, जो इतका वेळ स्वस्थ बसला होता, तोच एकदम बेचैन झाला. आपल्या कानांनी सा कधी जागचा हललेला पाहिलेला नसतो. इथे जमीन सरकते आणि वरचा सूर न हलता बदलतो. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

२४ जानेवारी १९७५ च्या रात्री कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये जाझ पियानोवादक कीथ जॅरेटसमोर भलताच पियानो आला: छोटा, वरच्या सुरांत पत्र्यासारखा, खर्जात पोकळ. त्याने बहुतेक मधल्या पट्टीतच मुक्काम ठोकला आणि डाव्या हाताने दोनच कॉर्ड बराच वेळ फिरवत ठेवले. तासाभराचं ते वादन जगात सर्वाधिक खपलेल्या पियानो-रेकॉर्डांपैकी एक ठरलं. पुढे त्याचं नोटेशनही छापून निघालं, आणि त्या रात्री जे जागच्या जागी सुचलं ते आता लोक पुस्तक उघडून घोटतात. मला हसू येतं, पण ते पुस्तक मीही चाळलंय.

माझ्या पियानोलाही रेकॉर्डिंगचं बटण आहे. ते दाबलं की बोटं ताठ होतात आणि ठेवणीतल्या चार जागा काढून दाखवू लागतात, म्हणून मी दाबत नाही. कानाला हेडफोन असतो, त्यामुळे घरात ऐकू जाते फक्त पट्ट्यांची कोरडी टकटक. शेजारच्या खोलीत अभ्यास करणारा मुलगा परवा डोकावून म्हणाला, "आई, आज मध्येच थांबलीस का गं?" म्हटलं, थांबले नव्हते, डावा हात पांढरी सातवर न्यायचा की नाही ते ठरत नव्हतं. "मग जरा लवकर ठरव," तो म्हणाला, "मी त्या ठेक्यावर गणितं सोडवतोय."