शिधापत्रिकेवरचे बालपण

युद्ध १९४५ साली संपले. शिधापत्रिका मात्र संपली नाही.

लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन उपनगरात १९४४ साली जर्मनीच्या उडत्या बॉम्बनी घरे पाडली. ते ढिगारे हीच तेथील मुलांची मैदाने ठरली.

गोळ्या-चॉकलेटांवर जुलै १९४२ पासून कूपनाचे बंधन होते. एप्रिल १९४९ मध्ये ते उठले. दुकाने भराभर रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये कूपने परत आली. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी याचे कारण काय सांगितले असेल?

अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी बंधन कायमचे सुटले. १९४३ साली जन्मलेले मूल तेव्हा दहाव्या वर्षात होते. नुसते नाणे दिले की गोळ्या मिळतात, ही गोष्ट त्याला जवळजवळ नवीच होती. मांसावरील नियंत्रण उठायला तर जुलै १९५४ उजाडला.

पाठ्यपुस्तकातले युद्ध १९४५ साली संपते. त्या मुलांचे मात्र खाऊच्या दुकानात संपले.