माँमार्त्र येथील एक समाधि

पॅरिसला जाणारा आपल्याकडील प्रवासी माँमार्त्रची टेकडी चढल्यावांचून सहसा परतत नाहीं. त्याच टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या दफनभूमींत मात्र फार थोडे उतरतात. ‘उतरतात’ हा शब्द मीं बुद्ध्याच योजिला आहे. येथें पूर्वीं जिप्समच्या खाणी होत्या. त्यामुळें ही सारी जागा रस्त्याच्या पातळीखालीं, एखाद्या कोरड्या तळ्यासारखी पसरली आहे. डोक्यावरून एक लोखंडी पूल गेलेला, त्यावर मोटारींचा अखंड घरघराट, आणि खालीं जुन्या वृक्षांच्या सावलींत मांजरें स्वस्थ निजलेलीं.

मी तेथें गेलों तो जाक ऑफेनबाख या संगीतकाराची समाधि पाहण्यासाठीं. त्याचें कारण थोडें घरगुती आहे. माझे मामा एका नाटक मंडळींत पेटी वाजवीत, आणि विनोदी पदांना चाली बांधण्यांत त्यांचा हातखंडा होता. परंतु घरीं बैठक जमली, मोठमोठ्या गवयांचीं नांवें निघूं लागलीं, कीं मामांकडे चहाची व्यवस्था येई. “त्यांचें काय, ते हंसवितात,” असें आमचे आजोबा म्हणत. मामाही हंसत, पण तें हंसूं मला आजही आठवतें.

ऑफेनबाखची समाधि शोधावयास मला बराच वेळ लागला. वर त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. नाकावर चष्मा, ओठांवर किंचित् मिस्किलपणा. शेजार मात्र मोठा मौजेचा मिळाला आहे. जवळच बेर्लिओझ निजला आहे. ‘बार्कूफ’ हें ऑफेनबाखचें नाटक १८६० सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यावर कडक टीका करणारा तो हाच. प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर झोलाच्या कुटुंबाची समाधि लागते. त्याच्या अस्थि १९०८ सालीं पँथिऑनमध्यें नेल्या. पण ज्या ‘नाना’ कादंबरीचा आरंभच त्यानें असल्या संगीत प्रहसनाच्या उपहासानें केला, ती ऑफेनबाखच्या मृत्यूच्याच वर्षीं, १८८० सालीं, पुस्तकरूपानें निघाली. जर्मनींतून येऊन पॅरिसकर झालेला दुसरा एक यहुदी, कवि हाइने, हाही येथेंच. आणि मूलाँ रूजमध्यें ‘काँकाँ’ नाचून गाजलेली ला गूल्यू, तिच्या अस्थि १९९२ सालीं येथें आणून ठेविल्या. लोक ऑफेनबाखचें नांव त्या नाचाशीं जोडतात. वास्तविक मूलाँ रूज उघडलें १८८९ सालीं, म्हणजे तो वारल्यावर नऊ वर्षांनीं!

ऑफेनबाख मूळचा कोलोनचा. जन्म १८१९ चा. वडील तेथील यहुदी प्रार्थनामंदिरांत गायक. चौदाव्या वर्षीं मुलगा पॅरिसच्या संगीत विद्यालयांत दाखल झाला. दहा वर्षांपूर्वीं परदेशीय म्हणून लिस्टला जेथें नाकारलें होतें, तेथेंच याला प्रवेश मिळाला. आणि वर्षभरांतच यानें तें सोडून दिलें! पुढें नाटकगृहाच्या वाद्यवृंदांत तो चेलो वाजवूं लागला.

त्याच्या विनोदाची जात कळण्यास १८५८ चें ‘पाताळांतील ऑर्फियस’ हें नाटक पुरेसें आहे. ग्रीक पुराणांतील ऑर्फियस म्हणजे मृत पत्नीला परत आणण्यासाठीं पाताळांत उतरणारा अलौकिक वादक. ऑफेनबाखनें त्याला फिडलचा मास्तर बनविलें. बायको त्याच्या वादनाला विटलेली, आणि तो तिला. ती जाते तेव्हां मास्तरांस मनापासून हायसें वाटतें; परंतु ‘लोकमत’ नांवाचें एक पात्र त्यांस ओढीत देवांच्या दरबारीं नेतें. (हें पात्र आपल्या घरांतही कांहीं अपरिचित नाहीं.) तेथें मास्तर खोट्या शोकानें जें गातात, ते सूर ग्लुकच्या ऑर्फियसवरील गंभीर ऑपेरांतल्या विख्यात विलापाचेच! ज्याला ग्लुक ठाऊक नाहीं त्याला हा विनोद निम्माच कळावयाचा. आणि ज्याला तो रचावयाचा, त्याच्या हाडींमासीं ग्लुक भिनलेला हवा. अमृत पिऊन कंटाळलेले देव बंड करितात तेव्हां वाद्यवृंदांत ‘मार्सेयेज’चे सूर उमटतात. हें सारें तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानींत! एका वजनदार टीकाकारानें पावित्र्यविडंबनाची हांकाटी केली, तशी गर्दी दुणावली. ओळीनें २२८ प्रयोग झाले.

हें नाटक जेथें प्रथम झालें, तें ‘बूफ-पारिझ्यें’ नाटकगृह आजही आहे. दफनभूमींतून निघून अर्ध्यापाऊण तासांत मी तेथें पायींच पोंचलों. पुढलें दार दुसऱ्या रस्त्यावर. मागची बाजू मात्र पासाज श्वाझल या कांचेच्या छपराच्या जुन्या गल्लींत उघडते. ही गल्ली पाहिल्यावर मला त्या काळच्या सरकारी परवान्याची आठवण झाली. आरंभीं ऑफेनबाखला एकअंकी नाटकें करावयाचीच मुभा होती, आणि बोलणाऱ्या पात्रांची संख्याही ठरवून दिलेली. १८५७ सालीं चार पात्रांची मर्यादा असतां त्याला पांचवें हवें होतें. त्यानें पांचवा सरदार आणला तो जीभ छाटलेला, आणि संवादाच्या पाट्या त्याच्या हातीं दिल्या!

१८७० च्या युद्धांत फ्रेंचांनीं त्याला जर्मन म्हणून हिणविलें आणि जर्मनांनीं फितुर म्हणून. अखेरच्या दुखण्यांत तो ‘हॉफमनच्या कथा’ हा गंभीर ऑपेरा लिहीत होता. तो अपुरा ठेवून ५ ऑक्टोबर १८८० रोजीं वारला. इतरांनीं पुरा केलेला तो ऑपेरा १८८१ च्या फेब्रुवारींत रंगभूमीवर आला. ह्या एका कृतीनें त्याचें आयुष्य सार्थकीं लागलें, असें पुष्कळ ग्रंथकार लिहितात. मला हा न्याय पटत नाहीं. विदूषकानें मरतांना एकदां डोळे पुसले म्हणून त्याला पंगतींत घ्यावयाचें, हा कसला मान? लंडनमध्यें १८७५ सालीं गिल्बर्ट-सलिव्हन यांचें ‘ट्रायल बाय ज्यूरी’ प्रथम झालें, तें ऑफेनबाखच्या ‘ला पेरिकोल’नंतरचें पुरवणीचें नाटक म्हणून. पुढें इंग्रजी संगीत प्रहसनाचें जें घराणें वाढलें, त्याचें एक मूळ ह्या हंसविणाऱ्या माणसांतच आहे. आणि योगायोग पाहा: तो वारला त्याच महिन्याच्या ३१ तारखेस पुण्यांत किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला.

परत आल्यावर मामेबहिणीनें मामांची चालींची वही मजकडे पाठविली. कडा कसरीनें खाल्ल्या आहेत. आंत एकही गंभीर पद नाहीं. पण प्रत्येक पदाच्या माथ्यावर त्यांनीं राग, ताल आणि मूळ चीज नीट अक्षरांत लिहून ठेविली आहे.