नार्वाहून टॅलिनला: एका छोट्या देशाच्या संरक्षण खात्याचा मागोवा

नार्वा नदीच्या काठावर उभं राहिलं की समोर रशिया आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. अलीकडे हर्मान किल्ल्याचा पांढरा बुरूज, पलीकडे इव्हानगोरोदचा लांबलचक दगडी कोट आणि मध्ये फक्त नदी. दोन्ही काठांना जोडणाऱ्या पुलावरून फेब्रुवारी 2024 पासून वाहनं जात नाहीत. हातात पिशव्या, मागे चाकांच्या बॅगा ओढत माणसं पायी रांगेत सरकत असतात. त्याच वर्षी मे महिन्यात रशियाने नदीतल्या सीमा दाखवणाऱ्या तरंगत्या बोया काढून नेल्या. किल्ल्यावरून खाली पाहताना पाणी शांत वाहत होतं, पण रेघ नेमकी कुठे आहे, हे त्या पाण्यात आता दिसत नव्हतं.

एस्टोनियाच्या संरक्षण मंत्रालयाची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात राजधानीत नव्हे, इथे करावी, असं मला वाटलं. 17 जून 1940 रोजी याच गावात सरसेनापती योहान लायडोनर यांनी सोव्हिएत सेनानींसमोर एका कागदावर सही केली आणि देश लढाईविना ताब्यात गेला. आदल्या वर्षी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार हजारो सोव्हिएत सैनिक देशातल्या तळांवर येऊन बसलेच होते. राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टांटिन पेत्स आणि लायडोनर यांनी प्रतिकार न करण्याचा निर्णय घेतला. मोजक्या माणसांनी, बंद दाराआड. पुढे लायडोनर 1953 मध्ये रशियातल्या व्लादिमीरच्या तुरुंगात वारले. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर एस्टोनियात आजही वाद होतो. पण स्वातंत्र्य परत मिळाल्यावर या देशाने संरक्षणाची जी घडी बसवली, तिच्या प्रत्येक कलमामागे 1940 सालचा हा कागद आहे.

नार्वाहून टॅलिनला जाणारी केशरी आगगाडी पश्चिमेला निघते. खिडकीतून आधी तेलखडकाच्या खाणींनी उभे केलेले राखेचे डोंगर दिसतात, मग बर्च आणि पाईनची झाडं. वाटेत तापा हे जंक्शन लागतं. सोव्हिएत काळात इथे लढाऊ विमानांचा तळ होता. विमानांचं इंधन जमिनीत इतकं मुरलं, की गावातल्या विहिरींच्या पाण्यात केरोसीन उतरलं. शेवटचे रशियन सैनिक 31 ऑगस्ट 1994 रोजी देश सोडून गेले. आज त्याच गावात एस्टोनियाच्या पहिल्या पायदळ ब्रिगेडचं ठाणं आहे आणि 2017 पासून ब्रिटनच्या नेतृत्वाखालची नाटोची तुकडीही तिथेच मुक्कामाला असते. फलाटावरून गणवेशातली कोवळी पोरं गाडीत चढली. पाठीवर अवजड पिशव्या, हातात मोबाइल. इथे तरुणांना 8 किंवा 11 महिने लष्करी सेवा सक्तीची आहे. मुलींना ती ऐच्छिक असून 2013 पासून त्याही मोठ्या उमेदीने येतात.

साऱ्या देशाची लोकसंख्या 14 लाखांच्या आत, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. एवढ्या माणसांतून मोठं खडं सैन्य उभं करता येत नाही. म्हणून सगळी मांडणी राखीव सैनिकांवर बेतलेली आहे. सेवा पुरी करून मुलं घरी, कामावर, कॉलेजात जातात आणि बोलावणं आलं की ठरलेल्या तुकडीत हजर होतात. सैन्यभरतीचं आणि बोलावण्याचं काम मंत्रालयाच्या अखत्यारीतलं एक वेगळं खातं पाहतं.

टॅलिनमध्ये मंत्रालयाचा पत्ता आहे साकाला रस्ता, इमारत क्रमांक 1. स्वातंत्र्य चौकातून चालत काही मिनिटांत तिथे पोचता येतं. आत जाण्याचं काही कारण नव्हतं. समोरच्या पदपथावरून पाहिलं, तर बॅगा खांद्याला लावलेली साध्या कपड्यांतली माणसं ये-जा करत होती. मंत्री हा निवडणुकीच्या राजकारणातून आलेला नागरिक. त्याच्या हाताखाली एक कायमस्वरूपी मुख्य सचिव आणि त्यांच्याखाली उपसचिव, धोरण, सज्जता आणि लष्करी क्षमता अशा शाखांचे. सैन्य, सैन्यभरती, खरेदी आणि बांधकामं पाहणारं गुंतवणूक केंद्र आणि परदेशी हेरगिरी करणारी गुप्तचर संस्था, हे सगळं याच मंत्रालयाच्या छत्राखाली येतं. खरेदीचं केंद्र 2017 मध्ये वेगळं काढलं. त्यामुळे काय हवं हे सैन्य सांगतं, त्यासाठी पैसा किती हे मंत्रालय ठरवतं आणि सौदा तिसराच हात करतो.

या केंद्राच्या आधीच्या सौद्यांपैकी एकाचा धागा थेट आपल्याकडे येतो. 2018 मध्ये एस्टोनियाने फिनलंडच्या जोडीने बोलणी करून दक्षिण कोरियाकडून 12 वापरलेल्या के-9 तोफा घेतल्या. एकट्याने नव्या तोफा घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून शेजाऱ्याच्या खरेदीत आपली मागणी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिकजवळच्या देवळालीला याच तोफेची भारतीय आवृत्ती, के-9 वज्र, आपल्या तोफखान्यात समारंभाने दाखल झाली.

साकाला रस्त्यावरून चढ चढत गेलं की टोम्पेआ टेकडी लागते. सकाळी सातच्या आत तिथे पोचलो, कारण ‘उंच हर्मान’ मनोऱ्यावर रोज सूर्योदयाला, पण सातच्या आधी नाही, राष्ट्रध्वज चढतो. जूनमध्ये सूर्य पहाटेच उगवतो, त्यामुळे लख्ख उन्हात राष्ट्रगीताच्या सुरांवर निळा-काळा-पांढरा झेंडा वर जाताना पाहायला मिळाला. मनोऱ्याला लागूनच गुलाबी रंगाची संसद, रिगिकोगू, 101 सदस्यांची. संरक्षण धोरणाची खरी वाट इथूनच जाते.

ती वाट अशी. राष्ट्रीय सुरक्षेचा मूळ दस्तऐवज सरकार तयार करतं, पण तो मंजूर करते संसद. सध्याचा दस्तऐवज 2023 चा आहे. त्यावरून साधारण दहा वर्षांचा संरक्षण विकास आराखडा बनतो. लष्करप्रमुख आपला लष्करी सल्ला लेखी देतो, म्हणजे अमुक धोक्याला तोंड द्यायचं तर तमुक लागेल. मंत्रालय तो पैशांत आणि वर्षांत मांडतं आणि शेवटी अंदाजपत्रकावर पुन्हा संसदेचीच मोहोर. धोक्याचं मूल्यमापनही कपाटात राहत नाही. परदेशांवर नजर ठेवणारी गुप्तचर संस्था दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आपला अहवाल जनतेसाठी छापते. लोकांचं मन काय म्हणतं, हे पाहण्यासाठी मंत्रालय 2000 पासून नियमित जनमत चाचण्याही घेतं.

ही घडी एका दिवसात बसली नाही. 1993 मध्ये अमेरिकेच्या सैन्यातले निवृत्त कर्नल अलेक्झांडर आइन्सेल्न यांना बोलावून सैन्याचे प्रमुख म्हणून नेमलं. ते मूळचे एस्टोनियाचे, युद्धात देश सोडून गेलेले. शिस्त आणि जिद्द त्यांनी दिली, पण अधिकार कुणाचा किती यावरून मंत्रालयाशी त्यांचे खटके उडाले आणि 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष लेन्नार्त मेरी यांच्या काळात त्यांना पद सोडावं लागलं. पुढे 2011 च्या घटनादुरुस्तीने हा गुंता सोडवला. लष्करप्रमुखाची नेमणूक संसदेऐवजी सरकार करतं आणि तो मंत्र्याला जबाबदार असतो. राष्ट्राध्यक्ष हा सर्वोच्च सेनापती खरा, पण शांततेत रोजचा हुकूम त्याचा नाही. मात्र देशावर हल्ला झाला, तर संसदेच्या ठरावाची वाट न पाहता त्याने युद्धस्थिती आणि सैन्याची जमवाजमव जाहीर करायची, असं राज्यघटनेच्या 128 व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. लढायचं की नाही, हा प्रश्न ऐन वेळी बंद खोलीत सोडवावा लागू नये म्हणून त्याचं उत्तर आधीच छापून ठेवलं आहे. या देशाकडून शिकावं असं मला सर्वांत जास्त वाटलं ते हेच.

व्यवस्था चांगली असली म्हणजे भांडणं होत नाहीत असं नाही. 2024 मध्ये मुख्य सचिव कुस्ती साल्म यांनी जाहीरपणे सांगितलं, की लष्करी सल्ल्यानुसार दारूगोळ्यासाठी आणखी 1.6 अब्ज युरो हवेत. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पद सोडायचं ठरवलं. वर्तमानपत्रांत महिनाभर तोच विषय होता. त्याच शरद ऋतूत नव्या सरकारने दारूगोळ्यासाठी जादा निधी मान्य केला. पैसा कुठून येणार, हेही लोकांपुढे मांडलं गेलं. 2023 अखेर 20 टक्के असलेला मूल्यवर्धित कर आधी 22 आणि 1 जुलै 2025 पासून 24 टक्के झाला. दुकानातल्या पावतीवर तो छापलेला असतो. संरक्षणावरचा खर्च 2012 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास होता, 2024 मध्ये तो 3 टक्क्यांवर गेला आणि 2025 मध्ये सरकारने पुढच्या वर्षांसाठी 5 टक्क्यांच्या वरचं उद्दिष्ट ठरवलं.

टॅलिन सोडण्याआधी बंदरातल्या लेन्नुसादाम संग्रहालयात गेलो. झारच्या काळात समुद्री विमानांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या घुमटांखाली ‘लेम्बित’ नावाची पाणबुडी ठेवली आहे, 1936 मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली. अंग चोरून आत उतरलं, की माथ्यावरून पाइप जातात, पितळी चाकं चकाकतात आणि टॉर्पेडोच्या नळ्यांशेजारी खलाशांच्या अरुंद झोपायच्या फळ्या दिसतात. 1933 मध्ये एस्टोनियाने आपल्या दोन विनाशिका पेरूला विकल्या. त्या पैशांत लोकांच्या वर्गणीची भर घालून ही आणि ‘कालेव’ अशा दोन पाणबुड्या बांधून घेतल्या. विनाशिकांच्या विक्रीवरून तेव्हा मोठा वाद झाला होता.

पैसा थोडा, माणसं थोडी आणि शेजारी बलाढ्य, हे गणित 1933 मध्ये होतं तेच आजही आहे. बदललं आहे ते गणित सोडवण्याचं ठिकाण. छोट्या देशाचं संरक्षण तोफांच्या संख्येवर जितकं अवलंबून असतं, तितकंच कुणी, कुठे आणि कुणाच्या साक्षीने ठरवायचं यावर अवलंबून असतं. एस्टोनियाने हे ठरवणं लोकांसमोर आणून ठेवलं आहे आणि त्याची किंमत प्रत्येक पावतीवर मोजायची त्यांची तयारी आहे.