बाभळीच्या शेंगा आणि तरणी मेंढरे

माण तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीस असताना, वैशाखातील फिरतीवर दहिवडीपलीकडील एका धनगरवाड्यावर माझा मुक्काम पडत असे. कुरणे करपून गेलेल्या त्या दिवसांत वृद्ध मेंढका आकडीने बाभळीच्या शेंगा पाडी आणि कोकरांपुढे टाकताना बजावी, "साहेब, मापानं घालावं. लई खाल्ल्या तर अंग धरत नाही, अन् माजावरबी येत नाही."

त्या अनुभवी माणसाच्या बोलण्यातील सत्य मला अभ्यासाने उमगत गेले. ज्या तुरट द्रव्यामुळे बाभळीची साल कातडी कमावण्यास उपयोगी पडते, तेच टॅनिन शेंगांतही विपुल असते. ते चाऱ्यातील प्रथिनांना पहिल्या पोटात घट्ट धरून ठेवते, त्यामुळे तेथील सूक्ष्मजंतूंपासून ती बचावतात, आणि चौथ्या पोटातील तीव्र आम्लात ती पकड सुटताच ती आतड्यात शोषली जातात. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी लोटस या टॅनिनयुक्त चारापिकाच्या कुरणात मेंढ्या चारल्या, तेव्हा त्यांच्यात बीजोत्सर्गाचे प्रमाण वाढल्याचे आढळले. परंतु टॅनिन कोरड्या चाऱ्याच्या शेकडा 2 ते 4 पर्यंत असले तरच हितकर. 5-6 च्या पुढे गेले की भूक मंदावते आणि प्रथिने पचनाविनाच बाहेर पडतात.

याची झळ हॉर्मोनांपर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेण्यासाठी मी रक्ताचे नमुने घेऊ लागलो. मेंढक्याचा मुलगा कोकरू गुडघ्यांत धरी, मी मानेवरील लोकर बाजूला सारून अंगठ्याने शीर दाबी, आणि ती फुगून वर आली की सुई अलगद आत जाई. रक्तद्रवात प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरमागे 1 नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर बीजोत्सर्ग झाला असे समजण्याचा शिरस्ता आहे. अंगाने खुरटलेल्या कोकरांत तो आकडा खालीच राही. कारण प्रौढ वजनाच्या साधारण शेकडा 60 पर्यंत शरीर भरल्याशिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून पीतपिंडकारक हॉर्मोनाचे ठोके विरळच पडतात, ते तासागणिक पडू लागत नाहीत, आणि त्यांच्यावाचून बीजांडकोशातील पुटक पक्व होत नाही. शेंगांचा प्रभाव बीजांडकोशावर थेट पडत नसून पोटाच्या वाटेने पडतो, अशी माझी धारणा दृढ झाली ती येथेच.

तेव्हापासून वाड्यांवर मी हेच सांगत आलो: पहिल्या माजाच्या बेतातील कोकरांना शेंगा कुटून, शेंगदाण्याच्या पेंडीत मिसळून, थोड्याच द्याव्यात आणि दरमहा वजन करून नोंदवहीत मांडावे.