सायकल खांद्यावर

आमच्या आंजर्ल्यात बाईमाणसाने सायकल चालवणे आता कुणाला नवलाचे वाटत नाही. पण बाईमाणूस धावू लागले की अजून लोक घरातून बाहेर येतात. धावणे म्हणजे काहीतरी घडले आहे, कुठे आग लागली, गुरे सुटली, कुणी बुडाले, अशीच इथली समजूत. पहिल्या दिवशी पहाटे मी पुळणीवर धावत निघाले, तेव्हा होडीच्या आडोशाला जाळे सांधीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने हातातले काम थांबवून गंभीरपणे विचारले, "बाई, कोण गेलं?"

कुणी गेले नव्हते. पण जाता जाता राहिले होते, आणि माझ्या धावण्याची सुरुवात तिथेच आहे.

सायकल माझी जुनी सोबतीण. वीस वर्षे मी तिच्यावरून शाळेत जाते, आणि रविवारी, वह्या तपासायच्या नसतील तर, आडे-उटंबरचा चढ चढून केळशीपर्यंत जाऊन येते. कादंबरीची कितीतरी अडलेली प्रकरणे त्या चढावर सुटली आहेत. शर्यतीबिर्यतीचे वेड मला नाही. दापोलीची सायकलवाली मंडळी थंडीत मेळावा भरवतात, तेव्हा त्यांचे रंगीत कपडे मी कौतुकाने पाहते, इतकेच. पण मनात एक अहंकार होताच. चाळिशी उलटली तरी दम लागत नाही, याचा. वर्गातल्या मुलींना मी तो अधूनमधून ऐकवतही असे.

तो अहंकार ४ जून २०२० च्या सकाळी उतरला.

आदल्या दिवशी निसर्ग वादळ आमच्यावरून गेले. त्या दुपारचे वर्णन मी अजून कुठल्याच कथेत केलेले नाही. जमेलसे वाटत नाही. कौले पानांसारखी उडत होती आणि वाडीतली पोफळ काडीसारखी मोडत होती. हे तेव्हा टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले. घरात मी आणि सासूबाई दोघीच. रात्रभर आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसलो. सकाळी सगळे चिडीचूप झाले, आणि माझा डोळा लागला न लागला तोच वाडीतून हाक ऐकू आली. सासूबाई आपण लग्न होऊन आल्यावर लावलेला माड उभा आहे की नाही ते पाहायला गेल्या होत्या. भिजलेल्या झावळीवरून पाय सरकला. मी पोचले तेव्हा त्या चिखलात पडून माडाकडेच पाहत होत्या. माड आडवा झाला होता. त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता.

फोन मेलेले. डॉक्टर खाडीपलीकडे. शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून मी सायकल काढली.

वीस पावलांवर पहिले झाड आडवे. सायकल उचलून पलीकडे ठेवली. पुढे दुसरे, त्याच्यापुढे विजेचा खांब, त्याच्यात गुरफटलेला आंबा. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. जिने मला वीस वर्षे वाहून नेले तिला आता मी वाहत होते! मग ती एका गडग्याला टेकवली आणि पळत सुटले.

दम खरेच लागला नाही. छाती भात्यासारखी चालत होती. पण जोग नदीचा पूल दिसायच्या आतच दोन्ही पोटऱ्यांना असे गोळे आले की मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. उठता येईना. इतक्यात माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी समोरून आली. तिला सायकल नाही. ती रोज पाणी आणायला, बंदरावर बापाला डबा द्यायला धावतच असते. "बाई, तुम्ही बसा हितं," ती म्हणाली, आणि झाडांवरून उड्या टाकीत दिसेनाशी झाली. डॉक्टरांना तिने आणले. पुढे चौघांनी खुर्चीला बांबू बांधून सासूबाईंना पुलापर्यंत नेले, आणि तिथून जीप मिळाली. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आणि दोन महिन्यांनी त्या काठी घेऊन चालू लागल्या.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारले, "तुम्ही स्वतः काय व्यायाम करता?"

"सायकल," मी म्हटले, आणि शाबासकीची वाट पाहत राहिले.

"हृदयाला उत्तम. हाडांना मात्र तुमची सायकल म्हणजे खुर्चीच."

मी मॅट्रिक झालेली बाई. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. पण बोलणे जिव्हारी लागले आणि मी वाचायला घेतले. हाडाचा स्वभाव मोठा मानी आहे असे दिसते. त्याच्यावर भार पडला, धक्का बसला, तर ते आपली घडण दाट ठेवते. कुणी काम सांगितले नाही तर हळूहळू विरत जाते. सायकलीवर देहाचा भार बैठक आणि पायटे वाटून घेतात. म्हणूनच शर्यतीच्या सायकलपटूंचे, रात्रंदिवस मेहनत करूनही, कण्याचे नि खुब्याचे हाड धावणाऱ्यांपेक्षा विरळ आढळते. धावताना प्रत्येक पावलाला देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो. बायकांची तर पाळी जाण्याच्या सुमाराला हाडे झपाट्याने झिजू लागतात. सासूबाईंचे जे झाले ते माझ्या वाटेवरच उभे होते.

आणि त्या गोळ्यांचे? पायटा दाबताना मांडीचा नि पोटरीचा स्नायू आखडत काम करतो. धावताना मात्र पाय जमिनीला लागला की त्याच स्नायूला ताणले जात असताना देह तोलून धरावा लागतो. हे दुसरे काम माझ्या पायांना कुणी शिकवलेच नव्हते. सायकलवाल्याचा धोका हाच, की त्याचे काळीज तयार असते आणि पाय कच्चे. काळीज म्हणते चल, आणि घोटा, नडगी, टाचेची शीर दुसऱ्या दिवशी बिल पाठवतात.

सायकल खांद्यावर घेऊन पळणे हा केवळ माझाच फजितीचा प्रकार नव्हे, हेही त्याच वाचनात कळले. फ्रान्समध्ये हिवाळ्यात सायकलस्वार शेतातून, चिखलातून शर्यती लावत, आणि जिथे चाक चालेना तिथे सायकल खांद्यावर टाकून धावत. १९०२ साली त्याची राष्ट्रीय स्पर्धाही भरली. ऑक्ताव लापीझ नावाचा गडी १९१० ची 'टूर द फ्रान्स' जिंकला, त्याच वर्षी ती शर्यत प्रथम पिरेनीजच्या उंच घाटांवर नेली होती. आपल्या यशाचे श्रेय त्याने या हिवाळी चिखलपळीला दिले. त्या घाटांत तोही काही ठिकाणी उतरून पायीच चढला होता. हे वाचून मला फार बरे वाटले.

तशी पायांवर भरवसा ठेवण्याची रीत आमच्या भागाला परकी नाही. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, भर पावसात, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू न देता परत पाठवले गेले. माणूस १०४ वर्षे जगला!

मी सुरुवात केली ती अगदी बालवर्गापासून. एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे दहादा. आठवड्यातून तीनच दिवस, आणि केळशीला जाऊन आल्यानंतरच्या दिवशी मुळीच नाही. पावले लहान आणि भराभर. एक मिनिट पळणे ही शरम वाटण्याजोगी गोष्ट आहे, विशेषतः कोळणी बघत असताना. पण चौथ्या महिन्यात मी अर्धा तास न थांबता पळाले. पुळणीची वाळू ओहोटीलाच घट्ट असते, म्हणून माझे वेळापत्रक घड्याळापेक्षा तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी, अष्टमीला भरती. पुळण समुद्राकडे उतरती असते, पण जाताना समुद्र एका हाताला आणि येताना दुसऱ्या, त्यामुळे दोन्ही पायांना सारखा न्याय मिळतो. थंडीत कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा त्यांच्या जागांपासून लांबून जायचे.

याने सायकल वेगाने पळू लागली का? खरे सांगायचे तर, नाही. उटंबरचा चढ पूर्वीइतकाच वेळ घेतो. सायकल सुधारायची तर सायकलच चालवावी लागते. पण परीक्षेच्या दिवसांत जिथे दोन तास सायकल जमत नाही तिथे अर्धा तास धावणे जमते. आणि कड्यावरच्या गणपतीच्या पाखाडीवरून खाली उतरताना गुडघे आता कुरकुरत नाहीत. ज्या मुलीने डॉक्टरांना आणले ती आता कॉलेजात आहे. सुट्टीत येते तेव्हा माझ्याबरोबर पळते, आणि मला लाज वाटू नये म्हणून मागे राहते. मला ते कळते. मी बोलत नाही.

पावसाळ्यात पुळण नाही आणि सायकलही नाही, रस्ते शेवाळलेले. तेव्हा मी आमच्या बेड्यापासून देवळापर्यंतच्या खडबडीत रस्त्यावर फेऱ्या मारते. सासूबाई ओटीवर काठी टेकून बसतात आणि प्रत्येक फेरीला सुपातली एक सुपारी उचलून तबकात टाकतात. आधी त्यांनाही हे थेर पसंत नव्हते. परवा आठवी फेरी संपवून आत येऊ लागले, तर तबकात सातच.

"आई, आठ झाल्या."

"सातच," त्या सुपारी कातरत म्हणाल्या. "जा, अजून उजाडायचंय."