चांद बघतो, भरतीही बघावी

चांदरातीला आपण सगळे गच्चीवर जातो. चांद दिसला की शेवया, मेंदी, नवे कपडे यांची धांदल सुरू होते. त्याच चांदबरोबर समुद्रही बदलत असतो, याची मात्र कोकणाबाहेरच्या आपल्या घरांत फारशी आठवण होत नाही.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र पृथ्वीशी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येते. हे उधाण अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी सर्वांत मोठे असते. आता हिशेब करा. शव्वालचा चांद दिसतो तो अमावास्येनंतरच. म्हणजे ईदुल फित्र कोणत्याही ऋतूत येवो, ती उधाणाच्या दिवसांतच येते. चांदच्या सात-आठ तारखेला पाण्याचा जोर कमी असतो, त्याला कोळी ‘भांग’ म्हणतात. आणि आपली मुले समुद्रावर जायचा हट्ट धरतात, ते नेमके ईद आणि बासी ईदला.

एका वर्षी ईद उन्हाळ्यात आली होती. बासी ईदला आम्ही दोन कुटुंबे मिळून मुरूडला गेलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघालो. किनाऱ्यावरून किल्ला शांत, पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. जवळ गेल्यावर कळते की, पाणी तटाशी अखंड झुंजते आहे. भरती चढत होती. दरवाजासमोर होडी कधी पायरीच्या वर जायची, कधी हातभर खाली. नाखवाचाचा एकेकाचा दंड धरून सांगत होते, "घाई करू नका सर, होडी वर आली की पाय टाका." शाळेत पुढे उभे राहून हुकूम सोडणारे आम्ही, तिथे मुकाट्याने ऐकत होतो. सिद्दींनी शतकानुशतके राखलेला हा तट, आत गोड्या पाण्याचे तलाव, आणि बाहेर चारी बाजूंनी खारे पाणी. बुरुजावरून पाहताना सगळ्यांच्या तोंडून एकदमच ‘सुभानअल्लाह’ निघाले.

परतताना चाचांनी विचारले, "आता कुठे?" आम्ही म्हणालो, "चौपाटीवर. पोरांना भिजायचंय."

"भिजवा, पण घोट्याच्या वर नको. ईदचं पाणी भरलं दुपारी. आता उतरायला लागलंय. येताना दिसतं, जाताना दिसत नाही."

वाळूत उभे राहिल्यावर त्यांचे म्हणणे पायांना समजले. लाट परत फिरताना टाचेखालची वाळू सरकून जायची. धाकटी म्हणाली, "अब्बा, जमीन पळतेय!" त्या दिवशी आम्ही घोट्याच्या पुढे कुणालाच जाऊ दिले नाही. मुले फुरंगटली. थोड्या वेळाने शिंपले वेचण्यात रमली.

याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी तर उधाणही नव्हते, चंद्र अर्धा होता. भांगाचे पाणीही माणूस नेते. सहलीला निघालेल्या मुलांचे डबे भरणाऱ्या आया आपल्यासारख्याच होत्या. मुलांना बाहेर नेणाऱ्या शिक्षकाच्या मनातून ही तारीख जात नाही.

समुद्राची एक खोड मुलांना सांगून ठेवायला हवी. लाटा फुटतात तिथे पाणी किनाऱ्याकडे येते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधली पट्टी शांत दिसली, तर बहुधा तिथूनच पाणी परत आत जात असते. आपण नेमके ‘इथे लाट नाही’ म्हणून तिथे उतरतो. अशा ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीबाहेर यावे किंवा तरंगत राहून हात वर करावा. आणि बुडणाऱ्यामागे रिकाम्या हाताने धावू नये. दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे असेल ते फेकावे.

काही जण म्हणतात, "अल्लाह मालिक आहे, इतकी भीती कशाला?" मालिक तोच आहे. पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. वादळात सापडल्यावर अल्लाहला हाक मारणारे आणि किनारा लागताच विसरणारे लोक सूरह यूनुसमध्ये आले आहेत. किनाऱ्यावर उभे असतानाच त्याच्या कुदरतीचा अदब राखणे जास्त बरे.

आमच्या घरी आता चांद दिसला की, एक काम वाढले आहे. समुद्रावर जायचे असेल तर मोठा मुलगा भरती-ओहोटीच्या वेळा बघतो आणि फ्रीजवर चिकटवतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे तो धाकटीला समजावतो. पोहोचल्यावर पहिला प्रश्न तिथल्या कोळ्याला, "चाचा, आज पाणी कसं आहे?" ते ‘नको’ म्हणाले, तर वाळूत दस्तरखान अंथरायचे, उरलेला शिरखुर्मा खायचा आणि लांबून समुद्र बघायचा.