नानीचा ताईत आणि अक्रोडाची मूठ

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी मुलगी अंधेरी स्टेशनच्या जिन्यावरून घसरली. मनगटाचं हाड जुळलं, पण हाताची पकड पहिल्यासारखी झाली नाही. बाटलीचं झाकण उघडायला ती अजून डावा हात वापरते. तीच मुलगी गेल्या वर्षी म्हणाली, "अम्मी, मला पिस्तूल शूटिंग शिकायचंय."

घरात दोन आक्षेप निघाले. नानी म्हणाली, हात साथ देणार नाही. मामू म्हणाले, "आपल्या लोकांनी पिस्तूल घेऊन फिरायचं? लोकलमध्ये कुणी बॅग उघडायला लावली तर?" मामूंची भीती कुठून येते, हे आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण एअर पिस्तूल रेंजचं असतं आणि तिथेच राहतं, एवढ्यावर ते गप्प झाले. नानीचा आक्षेप मात्र खरा होता.

दहा मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचं असतं. वजन साधारण एक किलो. सामन्यात 60 गोळ्या, म्हणजे निदान 60 वेळा ते उचलायचं. समोरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. पहिल्या आठवड्यात वीस गोळ्यांनंतर तिचा हात थरथरायला लागला.

मी रात्री मोबाइलवर उपाय शोधत बसले. अमेरिकेत पिस्तुलाच्या मागे लावून हाताभोवती आवळायचा एक पट्टा मिळतो. तो मुळात एका अपंग माजी सैनिकासाठी बनवला गेला होता. पुढे त्यावरून तिथे मोठे कोर्टकज्जे झाले. मला वाटलं, हेच हवं. कोचनी ऐकून मान हलवली. स्पर्धेत मनगट उघडं आणि मोकळं दिसलं पाहिजे. पट्टा नाही, घड्याळ नाही, बांगडीसुद्धा नाही. पॅरा नेमबाजीत स्प्रिंगचा स्टँड मिळतो, पण तो रायफलच्या एसएच-2 गटाला. पिस्तूल तिथेही हातातच धरावं लागतं. मनीष नरवालचा उजवा हात जन्मापासून अधू. त्याने डाव्या हाताने नेम धरून टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं. हंगेरीच्या कारोय टाकाचचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. डाव्या हाताने त्याने 1948 आणि 1952 ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतली.

मुलीने आठवडाभर डाव्या हाताने करून पाहिलं आणि म्हणाली, "मला उजवाच हवाय." मग कोच म्हणाले, मनगटाला आधार देता येत नाही, पण मूठ हाताप्रमाणे बदलता येते. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि स्क्रूने निघते. आम्ही फक्त मूठ विकत घेतली आणि जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारातल्या आमच्या ओळखीच्या सुतारचाचांकडे नेली. कोचनी पेन्सिलने खुणा करून दिल्या होत्या. जिथे बोटं आणि लाकूड यांत पोकळी राहत होती तिथे चाचांनी पुट्टी भरली, पुट्टी ओली असतानाच मुलीला मूठ धरायला लावली, वाळल्यावर कानस आणि पॉलिश पेपर फिरवला. तळहाताखालची फळी थोडी वर सरकवली. तळहात त्या फळीवर नीट बसला, तेव्हा बोटांना आवळून धरायचं काम कमी उरलं. चार खेपा झाल्या. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "बेटी जिंकली की मिठाई आण," म्हणाले.

बाकीचं काम घरी. रोज संध्याकाळी मगरिबनंतर ती पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरते, आधी दहा सेकंद, आता तीस.

पहिल्या स्पर्धेच्या सकाळी नानीने तिच्या उजव्या मनगटाला ताईत बांधला. मी नियम सांगितला. नानी क्षणभर रागावली, मग गाठ सोडून तो डाव्या दंडाला बांधला. "अल्लाह दोन्ही हातांचा आहे," म्हणाली.

मुलगी तळाकडून चौथी आली. पण साठही गोळ्या तिने उजव्या हाताने झाडल्या, आणि शेवटच्या दहांत हात पहिल्या दहांइतकाच स्थिर होता. मिठाई मी त्याच संध्याकाळी चाचांना नेऊन दिली.

अपघातानंतर आम्ही सगळे तिचं दप्तर उचलत होतो, जेवणाचा घास तोडून देत होतो. प्रेमच होतं ते, पण तेही मनगटाला आवळलेल्या पट्ट्यासारखंच होतं. तिला हवी होती तिच्या हाताला बसणारी मूठ.